अकरा वायरींचा दसरा

भाताची कापणी सुरू झाली की आमच्या ऑफिसात ती आधी वासाने कळते. कर्जतजवळच्या भिसेगावातली शेतं आता इमारतींच्या मागे गेली आहेत, पण हळवं, लवकर पिकणारं भात कापून आडवं पडलं की खिडकीच्या फटीतून तो वास आत येतोच. ओल्या पेंढ्याचा, थोडा गोड, थोडा चिखलाचा. मागच्या खोलीत मशीनसाठी एसी लावलेला असतो. तिथे तापलेल्या धुळीचा वास असतो आणि दसऱ्यानंतर चार-आठ दिवस वाळत चाललेल्या झेंडूचा. हे तीन वास एकत्र आले की फोन उचलायच्या आधी मी क्षणभर थांबते. फोनवर काय ऐकायला मिळणार ते ठरलेलं असतं: "ताई, नेट गेलंय." पण या दिवसांत मला त्यामागून दुसराच आवाज ऐकू येतो. एका बाळंतिणीचा, कुजबुजणारा. "ताई, हळू बोला ना, आत्ताच झोपलंय."

त्या कापणीची गोष्ट मला सांगायची आहे, पण आधी आमचं दुकान काय आहे ते सांगायला हवं. कारण इंटरनेट कुठून येतं असं विचारलं तर लोक अजून आभाळाकडे बोट दाखवतात.

इंटरनेट आभाळातून येत नाही. आमच्याकडे ते पनवेलच्या बाजूने जमिनीखालून एका जाड केबलमधून येतं आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत शिरतं. तिथे लोखंडी रॅकमध्ये मुख्य मशीन आहे. दिसायला पसरट डबा, पुढे दिव्यांची रांग. त्यातून अकरा पिवळ्या वायरी निघतात, उदबत्तीच्या काडीएवढ्या जाड. एकेक वायर एकेका दिशेला. एक दहिवलीला, एक वदपला, एक कोंडाण्याला, एक कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीला, दोन खालापूरच्या बाजूला आणि त्यातली एक पार शिळफाट्याच्या बाजारापर्यंत. उरलेल्या पाच आसपासच्या गावांना. पुढे खांबाखांबावरून घरोघर. हा सगळा पसारा माझ्या दादाचा, केबल टीव्हीच्या काळात मांडलेला. मी लग्न होऊन दोनच गल्ल्या पलीकडे गेले, म्हणून फोनवर शिव्या खायची खुर्ची मला मिळाली. शिव्या खायला घरचं माणूस बरं पडतं.

आणि जनूभाऊ, आमचे लाइनमन. दादाने पहिला खांब उभा केला तेव्हा त्याचा खड्डा जनूभाऊंनी खणला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि ते मला 'नंदा' म्हणायचे. मी दोन पोरांची आई झाले, केस पांढरे झाले, तरी मी नंदाच आहे. माणूस शिडीवर जितका सफाईदार, तितका कागदावर आळशी. लिहिणं हा प्रकार त्यांना मानवत नाही. दर पावसाळ्यात वीज पडली की पाच-पन्नास घरांतले वायफायचे डबे जळतात. मग जनूभाऊ खांद्यावर पिशवी टाकून निघतात आणि हाताला येईल तो डबा ज्याच्या त्याच्या भिंतीवर ठोकून येतात. रजिस्टरमध्ये जो डबा दहिवलीच्या मास्तरांच्या नावावर, तो प्रत्यक्षात कोंडाण्यात कुणाच्या तरी फडताळावर. मी ओरडायचे. ते म्हणायचे, "दिवा लागला ना? मंग झालं तर."

जुनं मशीनही त्यांच्यासारखंच भाबडं होतं. वायरीला जो डबा लावाल त्याला ते आपलं म्हणायचं, कुणी कुठला विचारायचं नाही. पण गिऱ्हाइकं वाढली, घरोघर चार-चार मोबाइल झाले, आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की त्याला धाप लागायची. पंखे घरघरायचे, दिवे अडखळायचे, आणि माझा फोन वाजायला लागायचा. शेवटी दादाने नवीन मशीन घ्यायचं ठरवलं. नवीन मशीन कडक शिस्तीचं. कुठल्या भोकात कुठल्या गावाची वायर आहे आणि त्या गावात कुठले डबे आहेत, हे यादीत असेल तरच आत घेणार.

ते बसवायला ठाण्याहून निकिता यायची होती. वयाने माझ्या मोठ्या मुलीएवढी, बोलायला गोड, कामाला चटपटीत. फोनवर म्हणाली, "मॅडम, असं काम आम्ही पहाटे दोनला करतो. तेव्हा कुणी नेट वापरत नाही."

जनूभाऊ शेजारीच होते. ते हसायलाच लागले. "त्या पोरीला सांग, आमच्याकडं दोनला निम्मा गाव जागा असतोय, मोबाइल बघत. आन् कापणीच्या दिवसांत दुपारी अकरा ते पाच ये म्हणावं. चिटपाखरू नसतं घरात."

हे अगदी खरं होतं. परतीचा पाऊस डोक्यावर असतो, एक सर आली तर उभं पीक लोळतं, म्हणून विळा उचलू शकेल तो प्रत्येकजण शेतात. नोकरीवाले रजा टाकतात. ठाकरवाडीतली माणसं भल्या सकाळी खाली मजुरीला उतरतात. गावंच्या गावं दुपारी रिकामी, ओट्यावर कुत्रं पेंगतंय आणि दारांना नुसत्या कड्या. निकिताला हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. दसऱ्यानंतरचा आठवा दिवस ठरला.

नवीन मशीन खोक्यातून आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दादाने खोकं टेबलाखाली सरकवलं, मला बाहेर बोलावलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "हे बसलं की फॉल्ट कुठे आहे ते खुर्चीत बसून दिसणार. खांबावर चढायला रोजावर माणसं मिळतात. जनूभाऊ साठीला आले. दिवाळी झाली की त्यांना थांबायला सांगू."

"सांगू म्हणजे कोण सांगणार?"

"तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही."

दादाचा हा स्वभावच आहे. गोड बातम्या तो सांगतो आणि कडू माझ्याकडे पाठवतो. पण त्या दिवशी मला त्याचा रागही धड आला नाही, कारण त्याचे डोळे ओले होते. मी 'बघते' म्हणाले. आणि ते ओझं घेऊन घरी आले.

आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट त्याची पूजा. ड्रायव्हर गाडी धुतो, शिंपी यंत्राला हार घालतो, आम्ही मशीनला. त्या वर्षी मी जरा जास्तच मनावर घेतलं. जुन्या मशीनचा तो शेवटचा दसरा होता. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसाला मी दिवाळीनंतर वाईट सांगणार होते, त्याच्या खोलीची मी आज सेवा करत होते. अपराधी माणूस फार स्वच्छता करतो. मी पहाटे अंघोळ करून गेले, रॅक पुसला, पाली हाकलल्या, कोळिष्टकं काढली. पिवळ्या वायरींना जागोजागी कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. मळलेल्या, तेलकट, चुरगळलेल्या. जनूभाऊ शिडीलाही चिंधी बांधतात, पिशवीलाही. मला वाटलं वायरी लोंबू नयेत म्हणून बांधल्या असतील. कात्री घेतली आणि सगळ्या कापून टाकल्या. त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वायरींचा छान जुडगा बांधला. वर झेंडूचा हार, आपट्याची पानं, पुढे नारळ. टेबलाखालच्या खोक्यालाही कुंकू लावलं, त्याला वाईट वाटायला नको.

संध्याकाळी जनूभाऊ सोनं द्यायला आले. खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"नवरीवानी दिसतंय गं," ते म्हणाले.

मी आठवडाभर त्या वाक्यावर खूश होते.

आठव्या दिवशी अकराच्या ठोक्याला निकिता आली. दादा होता, जनूभाऊ होते, मी होते. बाहेर रखरखीत ऊन. पावसाळा संपून थंडी यायच्या मधला तो उकाडा, ज्यात भात वाळतं आणि माणूस उकडतो. निकिताने जुन्या मशीनच्या वायरी सोडवल्या, ते मशीन रॅकमधून बाहेर ओढलं, नवीन चढवलं. त्याचे दिवे लागले तेव्हा दादाने हात जोडले. मग निकिताने वायरींचा जुडगा हातात घेतला आणि विचारलं, "काका, यांची लेबलं कुठायत? कुठली वायर कुठल्या गावाची?"

जनूभाऊ जुडग्याकडे बघत राहिले. आणि मला त्या क्षणी कळलं. 

आमच्या हवेत चार महिने चिकटवलेलं काही टिकत नाही. लग्नाच्या अल्बमातले फोटोसुद्धा सुटून येतात. कागदाची लेबलं पहिल्याच पावसाळ्यात गळून गेली तेव्हा जनूभाऊंनी स्वतःची युक्ती काढली होती. त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, जुन्या साड्यांचे काठ. हिरवा काठ कोंडाण्याचा, जांभळा वदपचा, लाल दहिवलीचा. अकरा वायरी, अकरा पट्ट्या. लिहिता येत नसलेल्या माणसाचं नव्हे, लिहायचा कंटाळा असलेल्या माणसाचं रजिस्टर होतं ते. आणि मी ते कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं होतं.

"काका?" निकिताने पुन्हा विचारलं.

"गळून गेली, पावसात," जनूभाऊ म्हणाले. "पन मला पाठ हाय. ही कोंडाण्याची. ही वदपची. ही..."

मी गप्प बसले. पट्ट्या मी कापल्या हे सांगितलं नाही.

त्यांनी सांगितलं तशा निकिताने वायरी लावल्या. चार मशीनने आत घेतल्या, म्हणजे त्या बरोबर. सात चुकल्या. निकिताने डब्यांच्या नंबरांवरून शोधायचा प्रयत्न केला, तर एकेका वायरीवर चार-चार गावांचे डबे दिसायला लागले. "मॅडम, हे रजिस्टर..." ती म्हणाली आणि पुढचं सौजन्याने गिळलं. दादाने मात्र काही गिळलं नाही. "इतकी वर्षं काम करताय जनूभाऊ! साध्या अकरा चिठ्ठ्या लावता येत नाहीत?" जनूभाऊ खाली बघत उभे राहिले. दादाने मग माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. बघ, म्हणून म्हणत होतो, सांग त्यांना.

उपाय एकच होता. एकेक वायर एकेका गावाच्या भोकात लावून बघायची आणि त्या गावात फोन करून विचारायचं, डब्यावरचा दिवा हिरवा झाला का. सोपं. मी फोन उचलला, कोंडाण्याचे पाच नंबर फिरवले. पाचही जण शेतात. "ताई, आमी बांधावर हावोत, डबा घरी हाय." वदपचे सात. सगळे शेतात. चिटपाखरू नाही म्हणून जी दुपार आम्ही निवडली होती, त्या दुपारी दिवा बघायलाही चिटपाखरू नव्हतं. घड्याळात एक वाजून गेला होता आणि आम्ही सगळ्या गावांना पाच वाजताचा शब्द दिला होता.

तेव्हा जनूभाऊ माझ्या टेबलाशी येऊन बसले. वायरींकडे त्यांनी पाठ केली.

"कोंडाण्यात भागीच्या सुनंला लाव. बाळंतीण हाय, बारा दिवस झालं. ती कुठं जाईल शेतात? दहिवलीत सुताराला लाव, त्याचा पाय पलास्टरमधे हाय. वदपला म्हातारी तुळसाआय. तिला दमा हाय, पेंढ्याची धूळ चालत नाय तिला." एक एक करून ते सांगत गेले. कुणाच्या घरी कोण आजारी, कोण अवघडलेली, कुणाचा हात भाजलेला, कुणाची आजी आता वाट चुकते म्हणून तिच्यापाशी राहिलेली नात. सात गावं, सात घरं. अकरा वायरी त्यांना पाठ नव्हत्या, पण कापणीच्या दुपारी या दोन तालुक्यांत घरात कोण एकटं बसलंय ते त्यांना तोंडपाठ होतं. इतकी वर्षं दारात शिडी लावून "कसं काय आये, बरी हायस ना?" विचारणाऱ्या माणसालाच ते माहीत असणार. मी लिहून घेत होते. दादा दाराशी उभा राहून ऐकत होता.

भागीच्या सुनेचं नाव सविता. तिने फोन उचलला तोच कुजबुजत. "ताई, हळू बोला ना, आत्ताच झोपलंय." मग मीही कुजबुजायला लागले, आणि मला बघून निकिताही. आम्ही तिघी कर्जत तालुक्याचं इंटरनेट कुजबुजत दुरुस्त करत होतो. "लाल हाय." दुसरी वायर. "लालच हाय ताई." तिसरी. मग एकदम मोठ्याने, "हिरवा झाला गं बाई!" आणि मागून बाळाने टाहो फोडला. त्या रडण्याने झाला तितका आनंद मला आजवर कधी झालेला नाही.

सुतार कुबडी घेऊन भिंतीपर्यंत गेला आणि वाटेत त्याने दादाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. शिळफाट्याला मात्र शेत ना शिवार, दुकानदाराने गल्ल्यावरूनच ओरडून सांगितलं, "हिरवा, हिरवा! आणि बिल कमी करा आता!" वदपच्या तुळसाआयला दिवा दिसेना. "मला मेलीला लाल-हिरवं सारकंच दिसतंय पोरी." मी हताश झाले. जनूभाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला. "आये, दिवा सोड. टीव्ही लाव, तुझं भजन लागतंय का बघ." आम्ही ऐकत राहिलो. दम लागलेला श्वास, रिमोटची खुडबुड, आणि मग टाळ-मृदंग. "लागलं रं जनू!" म्हातारी म्हणाली. निकिताने टाळ्या वाजवल्या.

शेवटची राहिली ठाकरवाडी. तिथला डबा समाजमंदिरात आणि किल्ली कमळूकडे. कमळू म्हणजे वाडीतला म्हातारा, बकऱ्यांसाठी मागे राहिलेला. त्याच्या मोबाइलला फक्त वाडीबाहेरच्या एका कातळावर रेंज येते. तो कातळावर भेटला, 'बघून सांगतो' म्हणाला आणि फोन बंद झाला. समाजमंदिरापर्यंत जाणं, कुलूप उघडणं, दिवा बघणं, परत कातळावर चढणं.

पाचला पाच मिनिटं होती. निकिता हसत म्हणाली, "मॅडम, त्यांची वाट बघायची गरज नाही. दहा जुळल्या म्हणजे अकरावी त्यांचीच." तिने बॅग आवरायला घेतली. बाहेर रस्त्यावरून डोक्यावर भारे घेतलेल्या बायका परतत होत्या, हातातले मोबाइल चाचपत. दादाने सुटकेचा श्वास सोडून चहा मागवला. जनूभाऊ मात्र फोनसमोर बसून होते.

"चहा घ्या," मी म्हणाले.

"कमळूचा फोन येऊं दे. तो चढून येतोय ना कातळावर. कुनी उचलला नाय तर त्याला काय वाटंल?"

चहा गार झाला. सव्वापाचला फोन वाजला. जनूभाऊंनी पहिल्याच घंटीला उचलला, ऐकलं, आणि म्हणाले, "हिरवा? शाब्बास कमळूबाबा. तुमच्यामुळं काम झालं." ते ठार खोटं होतं. इतकं खरं बोललेलं मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

निकिता गेली. दादा तिला स्टेशनवर सोडायला गेला. जनूभाऊ मागच्या खोलीत गेले, म्हणून मीही गेले. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात कापडाच्या पट्ट्या होत्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या. हिरवा काठ, जांभळा काठ, लाल काठ. मी कचऱ्यात टाकलेल्या.

"या तुमच्याकडे कशा?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या सांजंलाच उचलल्या कचऱ्यातनं. सुमननं धुतल्या," ते म्हणाले आणि हिरवी पट्टी कोंडाण्याच्या वायरीला बांधायला लागले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाही? दादा एवढं बोलला तेव्हा तरी..."

"तू किती खुशीत होतीस गं त्या दिवशी. म्हनलं, कुठं मन मोडा. मला वाटलं, मला पाठ हाय." ते जरासे हसले. "नव्हतं पाठ."

मी रडले. आठ दिवस हा माणूस माझी चूक खिशात घेऊन फिरत होता, आणि त्याच आठ दिवसांत मी त्याला काढायचा निरोप खिशात घेऊन फिरत होते. त्यांना वाटलं मी पट्ट्यांसाठी रडतेय. "आगं, असूं दे, असूं दे," म्हणत ते गाठी मारत राहिले.

पट्ट्या दहाच निघाल्या. अकरावी, ठाकरवाडीची, कचऱ्यात सापडली नव्हती. मी घरी जाऊन कपाट उघडलं. दिवाळीसाठी घेतलेली नवी साडी होती, अंजिरी रंगाची, अजून घडी न मोडलेली. कात्री घेतली आणि पदराच्या टोकाची बोटभर रुंद पट्टी कापली. या वेळी काय कापतेय ते मला नीट ठाऊक होतं.

भाऊबीजेला तीच साडी नेसून दादाला ओवाळलं. त्याची नजर पदराकडे गेली. "हे काय झालं?" मी म्हणाले, "मशीनला बांधलंय." आणि निरांजन हातात असतानाच सगळं सांगून टाकलं. पट्ट्या मी कापल्या, त्यांनी पाहिलं, आणि ते बोलले नाहीत. ऐकता ऐकता दादा पाटावर जड होऊन बसला. मग म्हणाला, "आणि ते... जनूभाऊंना थांबायचं सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस," दादा म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याला माझाच कापलेला पदर मिळाला.

त्या दुपारी लिहून घेतलेली सात घरांची यादी मी कितीतरी दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. ती महिनाभरातच निकामी झाली. सुताराचं प्लास्टर निघालं, बाळंतीण उठून कामाला लागली. वायरी आहेत तिथेच राहतात, माणसांचं तसं नसतं, ती यादी रोज नव्याने करावी लागते. जनूभाऊ ती रोज करत राहिले. आता सविताचं बाळ पहिलीत आहे, आणि आईच्या फोनवरून मला स्वतः तक्रार करतं: "मावशी, दिवा लाल झालाय." वदपची तुळसाआय गेली. तिच्या घरच्या डब्याचा दिवा हिरवा दिसला की मला अजून टाळ ऐकू येतात.

आणि आता पुन्हा कापणी आली आहे, आणि ते नवीन मशीनही जुनं झालंय. त्यालाही संध्याकाळी धाप लागते. निकिताचा फोन आला होता, पुढच्या आठवड्यात नवीन मशीन घेऊन येतेय. दुपारी अकरा ते पाच, हे तिनेच आधी सांगितलं. पट्ट्यांची गोष्ट मी तिला मागे सांगितली होती, म्हणून पुढे म्हणाली, "मॅडम, पट्ट्या आहेत ना?" आहेत. त्यांचे रंग आता विटलेत. अंजिरी तेवढी जरा उठून दिसते.

दर दसऱ्याला मी रॅक पुसते तेव्हा जनूभाऊ मागे उभे असतात.  फक्त माझ्या ड्रॉवरमधली कात्री काढून स्वतःच्या खिशात ठेवतात आणि नारळ फुटला की परत देतात. मी चिडल्यासारखं करते. हाही आता पूजेचाच भाग झालाय.

यंदाही त्यांनी कात्री घेतली. मी हार घातला, पानं ठेवली. पट्ट्यांना धक्का न लावता ओल्या फडक्याने एकेक वायर पुसली. मागून ते म्हणाले, "नंदा, यंदाचं मशीन बसलं की दिवाळीनंतर मी थांबतो गं. गुडगं ऐकत नायत आता. शिडी थरथरती का मी, ते कळत नाय."

मी वळले नाही. कोंडाण्याची हिरवी पट्टी पुसून झाली होती, ती पुन्हा पुसली.

"शेठला, तुझ्या दादाला, तू सांग," ते म्हणाले. "माझ्या तोंडातनं निघायचं नाय."

नारळ फुटला, प्रसाद वाटला, जनूभाऊ घरी गेले. या गोष्टीला आठ दिवस झाले. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. आणि या वर्षी कात्री परत द्यायला ते विसरले आहेत, ती मीही मागितलेली नाही.